ऑटिझम अमेरिकेत जास्त आणि आपल्याकडे कमी, हे खरं आहे का?

सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेनं विचारलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्या चार वर्षांच्या मुलाला नुकतंच ऑटिझमचं, म्हणजे माणसांत मिसळण्यात आणि संवादात लहानपणापासून येणाऱ्या अडचणीचं, निदान झालं. त्या लिहितात, "अमेरिकेत ३१ मुलांमागे एक मूल असं असतं म्हणे. आमच्या शाळेच्या पटावर ३८० मुलं आहेत आणि माझ्या २३ वर्षांच्या नोकरीत मी असं एकही मूल पाहिलं नाही. मग हे तिकडच्या हवेत, खाण्यात की लसींत आहे? मुलाला घेऊन भारतात परत यावं, असं घरात चाललं आहे. जगात नेमकं प्रमाण किती आणि आपल्याकडे ते कमी कसं?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घरातला निर्णय त्यावर अडलाय. ऑटिझम कमी असलेला देश म्हणून भारतात यायचं ठरवत असाल, तर भावानं तसं करू नये. आजी-आजोबांचा सहवास, आपली माणसं, नोकरी यासाठी यायचं असेल तर तो तुमच्या घरचा विचार, त्यात मी पडणार नाही. पण इथे ऑटिझम कमी आहे ही समजूत काढून टाका. इथे तो कमी सापडतो, कारण इथे तो कमी शोधला जातो. विकासाच्या अडचणी असलेली मुलं मी बावीस वर्षं तपासतेय. त्यात जे पाहिलं आणि जगभरच्या पाहण्यांतून जे पुढे आलंय, ते दोन्ही इथे मांडते.

आधी तो ३१ मध्ये १ चा आकडा. अमेरिकेतली सीडीसी ही आरोग्यसंस्था दर दोन वर्षांनी काही ठरलेल्या ठिकाणच्या ८ वर्षांच्या मुलांची मोजणी करते. २०२२ ची मोजणी १६ ठिकाणी झाली, तिचा अहवाल एप्रिल २०२५ मध्ये आला, त्यातला हा आकडा. मोजणी म्हटलं की आपल्याला जनगणनेसारखं घरोघर फिरणारं कुणीतरी डोळ्यांसमोर येतं. इथे तसं काही होत नाही. मुलांना बोलावून तपासत नाहीत. दवाखान्यांतले आणि शाळांच्या विशेष शिक्षण विभागातले कागद चाळतात, आणि ज्या मुलाच्या कागदावर ऑटिझमची नोंद असेल ते मूल धरतात. म्हणजे ते मूल आधी कुणाच्या तरी नजरेला पडलेलं असावं लागतं, त्याला कुणीतरी पुढे पाठवलेलं असावं लागतं, आणि तपासणाऱ्यानं तो शब्द कागदावर लिहिलेला असावा लागतो.

आता त्याच अहवालातली दोन गावं घेऊ. टेक्सासमधल्या लारेडोत हजार मुलांमागे ९.७ मुलं निघाली, म्हणजे साधारण १०३ मध्ये १. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत हजारामागे ५३.१, म्हणजे १९ मध्ये १. दोन्ही शहरं मेक्सिकोच्या सीमेला लागून. देश एक, वर्ष एक, मोजायची रीत एक आणि फरक पाचपटीहून जास्त. लसींचं वेळापत्रक दोन्हीकडे सारखंच. सॅन डिएगोत शेकडो बालरोगतज्ज्ञांना अगदी लहान वयात मूल हेरून पुढे पाठवायचं प्रशिक्षण दिलेलं आहे, आणि कॅलिफोर्नियात निदान व मदत देणारी प्रादेशिक केंद्रं राज्यभर आहेत. या फरकाचा खुलासा करताना अहवालानंही याच गोष्टींकडे बोट दाखवलं आहे. तुमच्या भावाचं न्यू जर्सी तर २००० सालच्या पहिल्या मोजणीतच वरच्या नंबरात होतं. त्या वर्षी ६ राज्यं होती. न्यू जर्सीत हजारी ९.९ आणि वेस्ट व्हर्जिनियात ४.५. त्यामुळे भाचा न्यू जर्सीत जन्मला म्हणून त्याला ऑटिझम झाला, असा अर्थ यातून निघत नाही. तो तिथे चौथ्या वर्षीच ओळखला गेला. त्यानं हेच घेऊन तुमच्या गावात जन्म घेतला असता तर कदाचित सातव्या-आठव्या वर्षी "अभ्यासात लक्ष नाही, हट्टी आहे" म्हणून तो माझ्याकडे आला असता. किंवा आलाच नसता.

मग पूर्वी ही मुलं नव्हती का? "आमच्या वेळी असलं काही नव्हतं," हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. बहुतेक वेळा आजोबांच्या तोंडून.

ऑटिझमची जगातली पहिली मोठी मोजणी इंग्लंडात मिडलसेक्सला झाली. व्हिक्टर लॉटर यांनी ८ ते १० वर्षांची सुमारे ७८,००० मुलं चाळली आणि १९६६ मध्ये आकडा दिला: १०,००० मुलांमागे ४.५. पुढे कितीतरी वर्षं डॉक्टरांच्या पुस्तकांत हाच आकडा राहिला, मीही शिकताना तोच पाठ केला होता. पण लॉटर कोणती मुलं मोजत होते? १९४३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ज्या ११ मुलांचं वर्णन केलं होतं, तशी. माणसांपासून पार तुटलेली, सगळं तसंच्या तसं राहावं म्हणून आटापिटा करणारी. त्या वर्णनात चपखल बसेल तेवढंच मूल मोजायचं. १९७९ मध्ये लोर्ना विंग आणि ज्युडिथ गोल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागात जाळं थोडं मोठं टाकलं. कॅनरच्या व्याख्येत अर्धवट बसणारी, पण मिसळणं, संवाद आणि कल्पनाशक्ती या तिन्हीत अडचण असलेली मुलंही त्यांनी धरली. आकडा १०,००० मागे २० च्या वर गेला. लॉटरच्या चौपटीहून जास्त. मुलं तिथे होतीच. व्याख्येबाहेर पडत होती इतकंच.

पुढे व्याख्या रुंदावतच गेली. १९९४ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत अॅस्पर्गरचा प्रकार आला. म्हणजे नीट बोलणारी, हुशार, पण माणसांत वावरताना गोंधळणारी मुलंही यादीत आली. २०१३ मध्ये ते सगळे उपप्रकार मोडून "ऑटिझम स्पेक्ट्रम", म्हणजे सौम्य ते तीव्र असा सगळा पट, हे एकच नाव राहिलं. अमेरिकेचे आकडे या काळात कसे चढले बघा: २००० मध्ये १५० मध्ये १, २००८ मध्ये ८८ मध्ये १, २०१४ मध्ये ५९ मध्ये १, २०२० मध्ये ३६ मध्ये १ आणि आता ३१ मध्ये १. ही चढती ओळ पाहून कुणाचाही जीव घाबरा होईल. पण वाढ कुठल्या मुलांत झाली, हे विचारलं की चित्र बदलतं. सीडीसीच्याच माहितीवरून २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात मुलांचे दोन गट केले. एकात बोलता न येणारी, जेमतेम बोलणारी किंवा बुद्धीची तीव्र मर्यादा असलेली मुलं, दुसऱ्यात बाकीची सगळी. २००० ते २०१६ मध्ये पहिला गट हजारी २.७ वरून ४.६ वर गेला. दुसरा गट ३.९ वरून १४.३ वर. म्हणजे भर पडली ती मुख्यतः अशा मुलांची, जी पूर्वी वर्गात शेवटच्या बाकावर बसून कशीबशी निभावून नेत होती, किंवा ज्यांच्यावर "मंद" किंवा "विचित्र" असा वेगळाच शिक्का बसत होता. कॅलिफोर्नियात १९९२ ते २००५ या काळात झालेल्या वाढीचा सुमारे चौथा हिस्सा तर निव्वळ शिक्के बदलल्यामुळे होता. आधी मतिमंद म्हणून नोंद असलेली मुलं ऑटिझमखाली आली.

डेन्मार्कमध्ये जन्मापासूनच्या आरोग्यनोंदी एकत्र ठेवतात, म्हणून तिथलं गणित जास्त स्वच्छ मांडता येतं. १९९४ मध्ये तिथे निदानाचे निकष बदलले आणि १९९५ पासून बाह्यरुग्ण विभागातली निदानंही नोंदवहीत यायला लागली. १९८० ते १९९१ मध्ये जन्मलेल्या मुलांत दिसलेल्या वाढीपैकी ६० टक्के वाढ या दोन कागदी बदलांनीच होते, असं २०१५ मध्ये दाखवण्यात आलं. त्याच वर्षी स्वीडनमधून आलेला अभ्यास मला त्याहून बोलका वाटतो. दहा वर्षांत जन्मलेल्या हजारो जुळ्यांच्या पालकांना तेच प्रश्न, त्याच शब्दांत विचारले. मुलांमधली लक्षणं दहा वर्षांत जवळपास होती तिथेच राहिली. सरकारी नोंदवहीतली निदानं मात्र वर्षागणिक वाढत गेली.

खरी वाढ अजिबातच नाही, असं मी म्हणणार नाही. आई-वडिलांचं वय जास्त असलं की शक्यता थोडी वाढते, आणि लग्नं व मुलं उशिरा होणं आता जगभर आहे. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेली, पूर्वी दगावणारी बाळं आता वाचतात, त्यांच्यातही हे प्रमाण जास्त असतं. पण त्यानं एवढा मोठा आलेख भरून निघत नाही.

आता कोरियाकडे येऊ. माझ्या मते या विषयावर जगात झालेलं हे सगळ्यांत महत्त्वाचं काम आहे. सोलजवळच्या गोयांग शहरात ७ ते १२ वर्षांची सुमारे ५५,००० मुलं संशोधकांनी समोर ठेवली. दवाखान्यांतल्या नोंदींवर न थांबता ते सर्वसाधारण शाळांत गेले, पालकांना आणि शिक्षकांना प्रश्नावल्या दिल्या, आणि ज्यांच्या उत्तरांवरून शंका आली त्या मुलांना प्रत्यक्ष तपासलं. २०११ मध्ये निकाल आला: २.६४ टक्के, ३८ मध्ये १. तेव्हा अमेरिकेचा अधिकृत आकडा याच्या निम्माही नव्हता. यातली दोन-तृतीयांश मुलं साध्या शाळांत, साध्या वर्गांत बसत होती. त्यांना कुठलंही निदान नव्हतं, कुठलीही मदत नव्हती. त्यांच्या शिक्षकांना पाहणीच्या आदल्या दिवशी विचारलं असतं तर त्यांनीही मनापासून हेच सांगितलं असतं की माझ्या वर्गात असं मूल नाही.

या कामात रॉय रिचर्ड ग्रिंकर हे मानववंशशास्त्रज्ञही होते. कोरियातले पालक ऑटिझमपेक्षा "आईशी जवळीक न जमल्यामुळे झालेला आजार" हे निदान का पसंत करतात, हे त्यांनी समजावून सांगितलंय. त्या निदानात दोष आईवर येतो, पण मूल सुधारेल अशी आशा राहते आणि घराण्याला बट्टा लागत नाही. ऑटिझम म्हटलं की रक्तात आहे असं ठरतं, मग बहिणीचं लग्न कसं जमणार? हे वाचलं तेव्हा मला कोरिया फार लांबचा देश वाटला नाही. माझ्या टेबलासमोर बसून किती आयांनी विनवलंय, "मॅडम, कागदावर बोलायला उशीर एवढंच लिहा. ऑटिझम नको. मोठीची बघाबघी चालू आहे." काही बाबा तर निदानाचा कागद हातात घेतात, घडी घालतात आणि घरी सांगतात की कानाचा प्रॉब्लेम निघाला. त्या मुलाची मोजणी कुठल्या वहीत होणार?

भारतातल्या आकड्यांकडे येते. आपल्याकडची सगळ्यांत नीट पाहणी इन्क्लेन या संस्थेच्या पुढाकारानं पाच ठिकाणी झाली: हिमाचलातलं कांगडा, हरियाणातलं पलवल, ओडिशातलं धेंकानाल, हैदराबाद आणि आपलं उत्तर गोवा. २ ते ९ वर्षांची जवळपास ४,००० मुलं, खेड्यांतली आणि शहरांतली. विकासाचे नऊ प्रकारचे दोष त्यांनी तपासले. निकाल २०१८ मध्ये छापून आला. ऑटिझमचं प्रमाण साधारण शंभरात एक निघालं. कोलकात्यात शाळांमधून केलेल्या एका पाहणीत मात्र ०.२३ टक्के निघालं, चारपटीहून कमी. यात मला नवल वाटत नाही. शाळांतून मोजलं की शाळेपर्यंत पोहोचलेलीच मुलं मोजली जातात, आणि आपल्याकडे ज्या मुलाला जास्त त्रास आहे ते मूल बहुतेक वेळा घरीच असतं. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे रकाने होते, पण ऑटिझमला स्वतःचा रकाना नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये तो स्वतंत्रपणे आला.

आणि मोजायची पट्टी. याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हे तपासणीच्या खोलीबाहेर कुणाला दिसत नाही. एडॉस नावाची एक तपासणी जगभर मानली जाते. त्यात मुलाशी ठरावीक खेळ खेळायचे आणि ते काय करतं त्याला गुण द्यायचे. त्यातला एक खेळ आहे बाहुलीचा वाढदिवस. मातीसारख्या मऊ पिठाचा केक करायचा, काड्या खोचून मेणबत्त्या लावायच्या, गाणं म्हणायचं, मेणबत्त्या विझवायच्या. मूल या खेळात कसं शिरतं, बाहुलीला केक भरवतं का, हे बघायचं. काही वर्षांपूर्वी ऊसतोडीला आलेल्या घरातला पाच वर्षांचा मुलगा आला होता, बोलत नाही म्हणून. मी केक केला, मेणबत्त्या लावल्या. तो नुसता बघत राहिला. फुंकर नाही, टाळी नाही. मी पुढच्या खेळाकडे वळणार, तेवढ्यात त्यानं तो केक उचलला, मोडला, दोन तळहातांमध्ये धरून थापायला लागला. फिरवून फिरवून, कडा सारख्या करत. चांगली भाकरी झाल्यावर ती बाहुलीपुढे ठेवली आणि आईकडे बघून हसला. कल्पनेचा खेळ, बाहुलीची काळजी, आईला दाखवण्याची हौस, जे जे बघायचं होतं ते सगळं त्या भाकरीत होतं. त्यानं वाढदिवस कधी पाहिलाच नव्हता. पुढे त्याचे कान तपासले. दोन्ही कान वर्षानुवर्षं वाहत होते, त्याला नीट ऐकूच येत नव्हतं. ऑटिझम नव्हता.

असंच नावाचं. मुलाला नावानं हाक मारायची आणि ते वळतं का बघायचं, ही तर सगळ्यांत सोपी चाचणी. आमच्याकडे फाइलवर नाव असतं अथर्व किंवा श्रीराज्ञी, आणि घरात त्याला हाक मारतात पिल्या किंवा बबड्या. आमच्याकडे कामाला नवी लागलेली मुलगी फाइल वाचून "अथर्व, अथर्व" करते, ते पोर ढुंकून बघत नाही, आणि प्रश्नावलीवर खूण पडते. उलटंही होतं. थोरांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये असं शिकवलेल्या घरात नजर न देणारं मूल कुणाला खटकत नाही, आणि खरा ऑटिझम त्याखाली झाकून जातो. म्हणूनच आपल्या घरांना धरून तयार केलेल्या पट्ट्या लागतात. आयसा नावाची ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली, आणि अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तीच वापरतात. तिच्यात ७० किंवा त्याहून जास्त गुण झाले की ऑटिझम धरतात. ती परिपूर्ण आहे असं नाही. सौम्य लक्षणं असलेली हुशार मुलं तिच्यातून निसटतात, हा माझा रोजचा अनुभव.

मग सगळ्या जगाचं मिळून प्रमाण किती? २०२२ मध्ये जगभरच्या पाहण्या एकत्र करून जो आढावा निघाला, त्यात मधला आकडा शंभरात एक आला. तीस-चाळीस देशांतल्या पाहण्यांची दोन टोकं मात्र १०,००० मागे १ आणि १०,००० मागे ४३६. चारशेपट! माणसांच्या मेंदूत देशादेशांमध्ये असा चारशेपट फरक नसतो. चीनमध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांच्या मोठ्या पाहणीत ०.७ टक्के, कतारमध्ये १.१४, इंग्लंडच्या शाळांच्या नोंदींत १.७६. जिथे घरोघर किंवा वर्गावर्गात जाऊन शोधलं, तिथे आकडा बहुतेकदा १ ते ३ टक्क्यांच्या आसपास येतो. मग देश श्रीमंत असो की गरीब. जिथे निदानच कमी होतं आणि फक्त दवाखान्याचं रजिस्टर उघडलं, तिथे तो अगदी खाली राहतो. आफ्रिकेच्या मोठ्या भागातून तर मोजणीच आलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीत तुम्हाला १२७ मध्ये १ असाही आकडा दिसेल. तो सगळ्या वयाच्या माणसांचा आहे, २०२१ मध्ये जगात सुमारे ६ कोटी १८ लाख लोक, अशा अंदाजावरचा. अमेरिकेचा ३१ मध्ये १ हा फक्त ८ वर्षांच्या मुलांचा. हे दोन शेजारी ठेवून "अमेरिकेत चौपट" म्हणणं चूक आहे, आणि बातम्यांत नेमकं तेच होतं.

मोठ्या माणसांचंही सांगते. इंग्लंडमध्ये २००७ मध्ये घरोघरी जाऊन प्रौढांची पाहणी केली, तेव्हा साधारण शंभरात एक जण ऑटिझमच्या व्याख्येत बसत होता. मुलांइतकंच प्रमाण. वय वाढलं म्हणून ते कमी झालेलं दिसलं नाही. हा आजार नव्यानंच उगवला असता तर साठीच्या लोकांत तो सापडला नसता. तुमच्या गावातही आठवून बघा. रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या वाटेनंच जाणारा, लग्नकार्यात मांडवाबाहेर बसणारा, एसटीचं सगळं वेळापत्रक तोंडपाठ असलेला, कुणाचा तरी भाऊ. एककल्ली, घुमा, तऱ्हेवाईक, असे आपल्याकडे त्याला शब्द आहेत. निदान नव्हतं. असा प्रत्येक माणूस ऑटिस्टिक असतो असं मी म्हणत नाही, पण त्यांच्यात काही जण नक्की होते.

मुलींबद्दल एवढंच की त्या अजूनही सुटतात. नोंदींमध्ये चार मुलग्यांमागे एक मुलगी दिसते, पण जिथे मुलं स्वतः शोधून तपासली तिथे ते तिनास एकवर येतं. आपल्याकडे गप्प बसणारी, बाहेर न जाणारी, एकटीच वह्या नीट लावणारी मुलगी शहाणी ठरते.

लसींचा प्रश्न तुम्ही स्पष्ट विचारलात ते बरं झालं. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी १२ मुलांवरून एक लेख लिहून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर संशय घेतला. तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं तो लेख २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा मागोवा घेतला, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचा फरक निघाला नाही. पण मला सगळ्यांत पटतं ते जपानमधल्या योकोहामाचं उदाहरण. तिथे १९९३ मध्ये ही एकत्रित लस देणं बंदच झालं, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांतही ऑटिझमची निदानं वाढतच गेली. उलट बाजूनं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचं बघा. मिनियापोलिसमधल्या सोमाली कुटुंबांना वाटलं की आपल्या मुलांत ऑटिझम फार आहे. २०१३ च्या पाहणीत सोमाली मुलांत ३२ मध्ये १ आणि गोऱ्या मुलांत ३६ मध्ये १ असं निघालं, फरक नगण्य. पण तोवर लसीबद्दलची भीती वस्तीत पसरली होती. २०१७ मध्ये तिथे गोवराची साथ आली आणि ७५ जणांना लागण झाली. भाच्याची उरलेली लस थांबवलेली असेल तर वहिनींना सांगा, बालरोगतज्ज्ञांशी बोलून ती पूर्ण करा. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. पाच देशांतल्या वीस लाख मुलांच्या अभ्यासात तो ८० टक्क्यांच्या आसपास निघाला. गरोदरपणात वहिनींनी काय खाल्लं, मोबाइल किती बघितला, हे उगाळत बसू नका. सासरच्या माणसांनाही बसू देऊ नका.

आता तुमची शाळा. ३८० च्या पटावर शंभरात एक धरलं तर तीन ते चार मुलं आत्ता, या वर्षी, तुमच्या इमारतीत असण्याची शक्यता आहे. तुम्हाला ती दिसली नाहीत यात तुमचा दोष नाही. डीएडला हे कुणी शिकवलं? पण आता बघा. सुट्टीत रोज त्याच झाडाभोवती एकटाच फिरणारा. वर्ग बदलला, बाक बदलला की रडून गोंधळ घालणारा. प्रश्न विचारला की तोच प्रश्न परत म्हणणारा. पाढे एकशेवीसपर्यंत येतात पण "पेन्सिल देतोस का?" हे शेजारच्याला विचारता येत नाही, असा. यातल्या एका गोष्टीवरून निदान होत नाही आणि ते तुम्ही करूही नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा दात आणि डोळे बघून ते निघायच्या आत त्या मुलांची नावं त्यांच्या हातात द्या. जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर उपचार केंद्र असतं, तिथे ते पाठवू शकतात. पालकांशी बोलताना पहिल्याच दिवशी ऑटिझम हा शब्द काढू नका. "मला तुमच्या मुलाबद्दल जाणून घ्यायचंय, तो घरी कसा असतो?" इथून सुरू करा.

भावासाठी. अमेरिकी कायद्यानुसार वयाच्या तिसऱ्या वर्षापासून विशेष शिक्षणाची जबाबदारी तिथल्या शाळा-विभागाची असते, तीही विनाशुल्क. भाचा चार वर्षांचा आहे, म्हणजे तो हक्काला पात्र आहे. भावानं शाळा-विभागाला लेखी पत्र देऊन मूल्यमापन मागावं. इथे यायचंच ठरलं तर आधी हे विचारा की ज्या गावात राहणार तिथे भाषोपचार आणि व्यवसायोपचार (म्हणजे रोजची कामं करायला शिकवणारे उपचार) देणारी माणसं आहेत का. माझ्याकडे ९० किलोमीटरवरून एसटीनं येणारी घरं आहेत, अर्ध्या तासाच्या सत्रासाठी त्या आईचा सगळा दिवस आणि एका दिवसाची मजुरी जाते. मार्ग नाहीत असं नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत २०१६ मध्ये एक चाचणी यशस्वी झाली. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन आई-वडिलांना मुलाशी खेळायला, त्याच्या इशाऱ्यांना साद द्यायला शिकवलं, आणि पालकांचा मुलांशी संवाद सुधारला. असं काम गावागावांत व्हायला हवं, आणि ते व्हायला हवं असेल तर इथे मुलं किती आहेत हे आधी कुणीतरी मोजून दाखवावं लागेल. ज्या मुलाची नोंद नाही त्याच्यासाठी जागा मंजूर होत नाही, पगार मंजूर होत नाही.

भाचा दिवाळीत किंवा नाताळच्या सुट्टीत तुमच्याकडे आला तर पहिल्या दिवशी वाड्यातल्या तीस माणसांनी त्याला घेरू नका. विमानाचा शीण, नवी माणसं, फटाके, सगळं एकदम होईल. एक शांत खोली त्याच्यासाठी मोकळी ठेवा. आजीनं त्याला उचलून घ्यायची घाई करू नये, शेजारी जमिनीवर बसावं आणि तो जे खेळतोय तेच आपणही हातात घ्यावं. आणि वहिनींना आधीच विचारून ठेवा, तो घरी कुठल्या नावाला वळतो.